ड्रमरला कोण विचारतो?

माहीमला आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक गोवेकर अंकल राहतात. वय पंचाहत्तरीच्या आसपास. तारुण्यात ते एका बँडमध्ये ड्रम वाजवत. पुढे बँकेत चिकटले आणि ड्रम माळ्यावर गेले. मागल्या पावसाळ्यात त्यांच्याकडे क्रिकेटचा सामना पाहत बसलो होतो. दोन षटकांच्या मधे मोटारगाडीची जाहिरात लागली आणि तिच्या पार्श्वभूमीला साठच्या दशकातले एक रॉक गाणे वाजू लागले. मराठी सुशिक्षित माणसाला अशा वेळी जे बोलणे शोभते ते मी बोललो : ज्या गाण्याने एकेकाळी व्यवस्थेला आव्हान दिले ते आज गाडी विकते आहे, वगैरे. अंकलनी आवाज बंद केला आणि म्हणाले, "तू कशाला रडतो? आमी काय विकत होतो? सिगारेट!"

ते खरेच होते. आपल्याकडच्या रॉक संगीताच्या इतिहासातले पहिले ठळक प्रकरण म्हणजे 'सिमला बीट' स्पर्धा. इंपीरियल टोबॅको (पुढची आयटीसी) या कंपनीने आपल्या 'सिमला' सिगारेटच्या प्रचारासाठी ती भरवली. गावोगावचे तरुण बँड तिच्यात उतरत. मुंबईत षण्मुखानंद सभागृहात ती रंगे. माहीमहून माटुंगा ओलांडून अंकल आणि त्यांचे साथीदार ड्रम टॅक्सीच्या टपावर बांधून तिथे गेले होते आणि पहिल्याच फेरीत बाद झाले होते. निवडक बँडच्या 'सिमला बीट ७०' आणि 'सिमला बीट ७१' अशा दोन तबकड्या निघाल्या. दुसऱ्या तबकडीवर शिलाँगच्या फेंटोन्सनी वाजवलेली रचना आहे, तिचे नावच 'सिमला बीट थीम'. आज परदेशांतले संग्राहक या तबकड्या शोधत असतात, त्यांच्या नव्या आवृत्त्याही तिकडे निघाल्या. सिगारेट विस्मरणात गेली. तिची जाहिरात मात्र दुर्मीळ कलाकृती म्हणून शिल्लक आहे!

म्हणजे पाश्चात्त्य समीक्षेत ज्याला रॉकचे 'विकले जाणे' म्हणतात, ती घटना आपल्याकडे शेवटच्या अंकात नव्हे, नांदीतच घडली होती. आणि ती रॉकपुरतीही नव्हती. मुंबईत साठ-सत्तरच्या दशकांत नवे काही करू पाहणाऱ्या माणसाला जाहिरात हा एक मोठा आश्रयदाता होता. वनराज भाटिया लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये आणि पॅरिसला नादिया बुलांजे यांच्याकडे शिकून आले, आणि शक्ती सिल्क मिल्सच्या जाहिरातीपासून सुरुवात करून पुढे हजारो जिंगल्स केल्या. लिरिलच्या धबधब्यामागचे संगीत त्यांचेच. त्या जाहिरातीमागे असलेले अॅलेक पदमसी यांनीच १९७४ मध्ये 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' हा रॉक ऑपेरा मुंबईच्या रंगभूमीवर आणला. त्यात ज्यूडास गायला तो नंदू भेंडे, आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचा मुलगा. तोही बँडमधूनच आलेला. आणि आपल्या साहित्याच्या वर्गात ज्यांची 'जेजुरी' आपण भक्तिभावाने शिकवतो ते अरुण कोलटकर उपजीविकेने जाहिरातक्षेत्रातले नावाजलेले कलादिग्दर्शक होते. सत्तरच्या दशकाच्या आरंभी त्यांनी इंग्रजीत गाणी लिहिली, मित्रांना घेऊन ती ध्वनिमुद्रितही केली. अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांनी संपादित केलेल्या 'द बोटराइड अँड अदर पोएम्स' (२००९) या संग्रहात ती वाचायला मिळतात. दिवसा जाहिरात आणि रात्री रॉक, अशी दोन वेगळी माणसे त्यांच्यात राहत होती असे मानायला मला तरी आधार दिसत नाही.

तेव्हा कलेच्या पावित्र्याच्या नावाने गळा काढायचा आपल्याला हक्क नाही, इथवर अंकलचे म्हणणे मान्य करावे लागते. पण मग हळहळ वाटते ती कशाची? ती निव्वळ स्मरणरंजनाची असेल तर सोडून द्यावी. मला मात्र वाटते की तिच्या तळाशी एक खरा प्रश्न आहे, आणि आपण तो चुकीच्या शब्दांत विचारतो.

इथे ब्रेख्तचे उदाहरण घेतो, कारण ते मराठी रंगभूमीच्या वाटेने आपल्या घरातले झाले आहे. १९७८ मध्ये पु. ल. देशपांडे यांनी 'थ्री पेनी ऑपेरा'चे 'तीन पैशाचा तमाशा' केले, थिएटर अकॅडमीसाठी जब्बार पटेल यांनी ते बसवले, आणि त्यात पाश्चात्त्य वळणाची गाणी गात गुंडांचा नायक झाला तो हाच नंदू भेंडे. मूळ नाटक १९२८ चे. त्याच्या आरंभी रस्त्यावरचा गायक एका खुन्याच्या कर्तबगारीची यादी गाऊन दाखवतो. चाल गोड आणि मजकूर भयानक; या विसंगतीतच ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांचा सगळा डाव आहे. ऐकणाऱ्याने मान डोलवावी आणि मग आपण कशावर मान डोलवली हे उमजून दचकावे. १९५९ मध्ये बॉबी डॅरिनने तेच गाणे अमेरिकेत लोकप्रिय केले, तेव्हा दचकणे बरेच कमी झाले होते. पुढे ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात मॅकडोनाल्ड्सने त्याच चालीवर शब्द बदलून रात्रीच्या जेवणाची जाहिरात केली : चंद्रकोरीच्या डोक्याचा, काळा चष्मा लावलेला एक इसम पियानोशी बसून गातो आहे. चाकूची जागा बर्गरने घेतली. भांडवलदार आणि दरोडेखोर यांत फरक काय, असे विचारणाऱ्या नाटकाचा हा शेवट!

यावर 'बिचारा ब्रेख्त' असे म्हणायचा मोह होतो. पण ब्रेख्त बिचारा नव्हता. विसाच्या दशकाच्या अखेरीस त्याने स्टायर या मोटार कंपनीच्या गाड्यांवर स्तुतिपर कविता लिहून दिली आणि मोबदल्यात गाडी घेतली. ती अपघातात मोडली तेव्हा दुसरीही मिळवली. त्याच माणसाने १९३० मध्ये, 'थ्री पेनी ऑपेरा'वर चित्रपट काढणारी कंपनी आपल्या म्हणण्याप्रमाणे चालत नाही म्हणून तिला न्यायालयात खेचले. ब्रेख्त हरला, वाइल जिंकला. आणि हरलेल्या खटल्यावर ब्रेख्तने एक दीर्घ निबंध लिहिला. हे दोन ब्रेख्त परस्परविरोधी आहेत का? माझ्या मते नाहीत. पहिल्या प्रसंगी त्याने स्वतः जाहिरात लिहिली. दुसऱ्या प्रसंगी त्याने एका अर्थाने लिहिलेले दुसऱ्याने वेगळ्या अर्थाने वापरायला घेतले. सिमला बीटसाठी ड्रम वाजवणारे अंकल पहिल्या जातीचे. ज्याच्या तरुणपणच्या गाण्याला चाळीस वर्षांनी गाडीच्या चाकाला बांधले जाते तो दुसऱ्या जातीचा. दोघांना 'विकले गेले' हे एकच क्रियापद लावणे हा भाषेचा आळस आहे.

रॉकच्या इतिहासातली गाजलेली भांडणे या दुसऱ्या जातीची आहेत. १९६८ मध्ये ब्यूइक गाडीच्या जाहिरातीसाठी 'लाइट माय फायर' द्यायला डोअर्सचे तिघे राजी झाले, तेव्हा जिम मॉरिसन गावात नव्हता. परतल्यावर तो इतका भडकला की बेत बारगळला. १९७१ मध्ये तो वारला. पुढे कॅडिलॅकने देऊ केलेली रक्कम दीड कोटी डॉलरपर्यंत चढली, तरी जॉन डेन्समोर 'नाही' म्हणत राहिला. चौघांच्या संमतीशिवाय काही करायचे नाही असा त्यांचा जुना ठराव होता. त्याच कंपनीच्या जाहिरातीत २००२ पासून लेड झेपेलिनचे गाणे वाजले, म्हणजे तिचे काही अडले नाही. बीटल्सची गोष्ट उलटी. १९८७ मध्ये नाइकेने 'रेव्होल्यूशन'चे मूळ ध्वनिमुद्रण बुटांसाठी वापरले. परवानगी रीतसर होती : ध्वनिमुद्रणाची कंपनीकडून, आणि गीत-संगीताची मायकेल जॅक्सनकडून, कारण १९८५ मध्ये ते हक्क त्याने विकत घेतले होते. बीटल्सच्या अॅपल कंपनीने दीड कोटी डॉलरचा दावा लावला आणि तो पुढे तडजोडीने मिटला. टॉम वेट्सने जाहिराती नाकारल्या, तर फ्रिटो-ले कंपनीने त्याच्यासारखा घोगरा आवाज काढणारा गायक आणला. वेट्स न्यायालयात गेला आणि सुमारे पंचवीस लाख डॉलर भरपाई घेऊन आला.

या सगळ्या कथांत एक गोष्ट गृहीत आहे : 'नाही' म्हणायला कोणीतरी होते, निदान त्याचे 'नाही' ऐकायला न्यायालय तरी होते. आपल्याकडे गोष्ट इथेच अडते. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या खटल्यात निर्णय दिला की चित्रपटासाठी मोबदला देऊन करून घेतलेल्या गीत-संगीताचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, निर्माता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालाला जोडलेल्या टिपणात गायक-कलावंतांची कायद्याने केलेली उपेक्षा संसदेच्या नजरेस आणली. मग पस्तीस वर्षे गेली. मे २०१२ मध्ये, जावेद अख्तर यांनी राज्यसभेत लढवलेल्या किल्ल्यानंतर, कायदा बदलला : गीतकार आणि संगीतकार यांचा स्वामित्वधनातला समान वाटा आता त्यांना करारानेही सोडून देता येत नाही. ही लहान गोष्ट नव्हे. पण बदल नेमका कशाचा झाला ते पाहावे. वाटा मिळाला, नकार मिळाला नाही. ज्याने हक्क लिहून दिले त्याचे भावगीत उद्या गुडघेदुखीच्या मलमाला लावले, तर कवीला हिशेबाने पैसे येतील, पण लावू का म्हणून कोणी विचारायला बांधील नाही.

कायद्यात एक फट आहे. कलम ५७ प्रमाणे, हक्क विकल्यानंतरही, आपल्या कृतीचे विद्रूपीकरण होऊन प्रतिष्ठेला बाधा येत असेल तर लेखक दाद मागू शकतो. मन्नू भंडारी यांनी 'आपका बंटी'वरच्या चित्रपटाविरुद्ध १९८६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात याच कलमाचा आधार घेतला होता. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी तो निकाल जरूर वाचावा. रूपांतर म्हणजे काय यावर तो आपल्या बऱ्याच चर्चासत्रांहून नेमके बोलतो. पण जाहिरातीत गाण्याचा एक शब्दही बदललेला नसतो. तीस सेकंदांचा तुकडा जसाच्या तसा उचललेला असतो. याला विद्रूपीकरण म्हणायचे का?

माझे उत्तर 'होय' असे आहे, आणि ते वर्गातल्या अनुभवावरून आहे. मोझार्टच्या पंचविसाव्या सिंफनीचा आरंभ मी एकदा मुलांना ऐकवला. दोन-चार स्वरांतच मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, घड्याळ!" टायटनने १९८७ पासून तो तुकडा इतका वापरला की दोन पिढ्यांसाठी ते मोझार्टचे नाव उरले नाही. यात गैर काही नाही. मोझार्टवर कोणाचा हक्क नाही आणि त्या मुलांनी तो तुकडा एरवी ऐकलाही नसता. पण त्या तासाला मला हवी होती ती गोष्ट, गौण स्वरश्रेणीतली ती अस्वस्थ धडपड, कोणालाच ऐकू येईना. भेटवस्तूचे प्रसन्न वातावरण तिच्यावर कायमचे चिकटले होते. कवितेतले धृपद कडव्यांमुळे अर्थ बदलत जाते हे आपण विद्यार्थ्यांना घसा फोडून सांगतो. जाहिरात नेमकी कडवी काढून टाकते आणि धृपद ठेवते. उपरोधाने लिहिलेली ओळ तिच्यात सरळ अर्थाने उभी राहते. एकही शब्द न बदलता.

दुसरी बाजू मी टाळत नाही. निक ड्रेक हा इंग्रज गायक १९७४ मध्ये सव्विसाव्या वर्षी वारला तेव्हा त्याला फारसे कोणी ओळखत नव्हते. १९९९ मध्ये फोक्सवॅगनच्या जाहिरातीत त्याचे 'पिंक मून' वाजले आणि त्याच्या ध्वनिमुद्रिकांची विक्री झपाट्याने वाढली. आणि नकार ही चैनही असते. वनराज भाटिया २०२१ मध्ये वारले. त्याआधीच्या वर्षांत त्यांची ओढगस्त वर्तमानपत्रांत छापून येत होती. अशा माणसाला मॉरिसनचा बाणा शिकवायला जाणारा मी कोण? मोबदल्याचा प्रश्न आधीचा, हे मला मान्य आहे. पण तो सुटला की दुसराही सुटला असे समजणे मला मान्य नाही. करार कितीही सर्वव्यापी असो, कवी-संगीतकार हयात असेतोवर त्यांच्या गाण्याचा जाहिरातीतला वापर त्यांना वेगळा विचारूनच व्हावा, एवढी दुरुस्ती मागायला हरकत नसावी. आवाजाबाबत न्यायालये याच दिशेने निघाली आहेत. यंत्राने नक्कल केलेल्या आवाजाविरुद्ध २०२४ मध्ये अरिजित सिंग यांना आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांना मुंबई उच्च न्यायालयाने संरक्षण दिले. गळ्याला जे मिळते ते शब्दाला आणि चालीला का मिळू नये?

हे सगळे मी अंकलना सांगितले. कलम ५७ मध्ये त्यांना रस नव्हता. 'सिमला बीट ७०' या तबकडीवरचा ध्वनिमुद्रणाचा हक्क साठ वर्षांनी संपतो आणि १ जानेवारी २०३१ पासून ते ध्वनिमुद्रण कंपनीला न विचारता वापरता येईल, हे ऐकून ते हसले. मग दीड कोटी डॉलरची गोष्ट त्यांनी पुन्हा सांगायला लावली.

"हा डेन्समोर काय वाजवायचा?"

"ड्रम."

अंकल थोडा वेळ गप्प बसले. "आमच्या बँडमधे कुठलं गाणं घ्यायचं ते पण मला कोणी विचारलं नव्हतं," ते म्हणाले, आणि सामन्याचा आवाज पुन्हा सुरू केला.