‘सर येणार आहेत का?’

गाडी सर्व्हिसिंगला टाकायला मी पहिल्यांदा गेले, तेव्हाची गोष्ट. काचेच्या भिंती, कॉफीचं मशीन, गारेगार एसी. टापटीप कपड्यांतला एक मुलगा हातात टॅब घेऊन आला, गाडीभोवती चक्कर मारली आणि अगदी अदबीनं म्हणाला, ‘‘मॅडम, सर येणार आहेत का? म्हणजे त्यांना कामं समजावून सांगतो.’’

आता आमचे ‘सर’ म्हणजे निवृत्त प्राध्यापक. आयुष्यभर स्कूटर चालवली. गाडीचं बॉनेट कुठून उघडतं हे त्यांना आजही ठाऊक नाही आणि त्याचं त्यांना तिळमात्र दुःख नाही. गाडी माझी. नऱ्ह्याला माझा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा लहानसा कारखाना आहे. पंचवीस वर्षं खोकी विकली आणि वयाच्या बावन्नाव्या वर्षी चार वर्षं वापरलेली मर्सिडीज घेतली. कर्ज माझ्या नावावर, आरसी माझ्या नावावर, आणि कामं समजावून सांगायची ती सरांना!

पण खरं सांगू? त्या दिवशी रागापेक्षा भीतीच जास्त वाटली. त्यानं मला समजावून सांगितलं असतं तरी ते कळलं नसतं. मग मी केलं काय, तर सगळं कळल्यासारखी मान डोलावली आणि सही केली. संध्याकाळी बिल हातात आलं तेव्हा पाय लटपटले. घरी तो आकडा कितीतरी दिवस सांगितला नाही.

साध्या गाडीचं एक बरं असतं. तिच्याबद्दल कुणालाही काहीही विचारता येतं. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला सांगतो, भाचा सांगतो, सिग्नलला शेजारी थांबलेला रिक्षावालाही ‘‘ताई, मागचं चाक बसलंय बघा’’ म्हणतो. मर्सिडीजबद्दल तोंड उघडलं की समोरचा म्हणणार, ‘‘तुम्हाला काय कमी आहे!’’ की संपलं बोलणं. बरं, ज्यांच्याकडे अशाच गाड्या आहेत त्यांना विचारावं, तर आपलं अज्ञान उघडं पडेल ही धास्ती. मग सगळेच गप्प. पार्किंगमध्ये एकमेकांकडे बघून हसायचं आणि काचा वर करायच्या.

आमच्या सोसायटीत या काचा खाली आल्या त्या पुरामुळे. २५ जुलै २०२४ ला मुठेला पूर आला आणि सिंहगड रोडवरच्या एकतानगरीत पाणी शिरलं, ते तुम्हाला आठवत असेल. तिथून आम्ही फार लांब नाही. आमच्या तळघरातल्या पार्किंगमध्येही पाणी भरलं. ज्यांच्या घरात गाळ शिरला, ज्यांचा संसार भिजला, त्यांच्यापुढे गाडीचं रडगाणं गाऊ नये हे मला कळतं. पण जे घडलं ते सांगते. पाणी उपसून झाल्यावर मी खाली गेले, दार उघडलं आणि गाडी चालू होतेय का बघावं म्हणून बटणाकडे बोट नेलं. तेवढ्यात जिन्यावरून आवाज आला, ‘‘अहो काकू, बटण दाबू नका! हात काढा आधी!’’

ब-विंगमधल्या डॉक्टरीणबाई गाऊनवरच धावत आल्या होत्या. त्यांच्याकडे बीएमडब्ल्यू. तोवर आमचं बोलणं ‘गणपतीची वर्गणी दिली का’ याच्यापुढे कधी गेलं नव्हतं. त्यांनी मला बाहेर काढलं आणि तिथेच, घोट्याएवढ्या चिखलात उभं राहून समजावलं. इंजिन हवा ओढतं. हवेच्या वाटेत पाणी असेल तर ते पाणीच ओढतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. मग वाकतो तो आतला कनेक्टिंग रॉड, आणि एका बटणात इंजिन खलास. ‘‘बॅटरी सोडवून घ्या, फोटो काढा, विमा कंपनीला फोन करा आणि चारही चाकं वर घेणारी फ्लॅटबेड गाडी मागवा. ऑटोमॅटिक गाडी दोरी लावून ओढायची नसते.’’

मी तसंच केलं. गालिचे गेले, काही सेन्सर गेले, पण इंजिन वाचलं. चार दिवसांनी मी त्यांच्याकडे थालीपीठं घेऊन गेले आणि विचारलं, ‘‘तुम्हाला हो हे सगळं कसं माहीत?’’ त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘आधीच्या गाडीत मी बटण दाबलं होतं.’’ त्यांनी बिलाचा आकडा सांगितला. तेवढ्यात एक छोटी नवी गाडी आली असती. पुराचं नुकसान सर्वसमावेशक विम्यात धरतात, पण पाण्यातून निघालेली गाडी आपण चालू केली आणि त्यामुळे इंजिन गेलं, तर ते आपण ओढवून घेतलेलं नुकसान म्हणून कंपनी नाकारू शकते. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ नावाचं कवच जादा हप्ता भरून वेगळं घ्यावं लागतं. ते त्यांनी घेतलं नव्हतं. ‘‘दोन वर्षं हे कुणाला सांगितलं नाही काकू. डॉक्टर असून एवढं कळत नाही, असं लोक म्हणतील ना!’’

मला तेव्हा लख्ख कळलं. त्यांनी ही गोष्ट दोन वर्षं लपवली नसती, तर सोसायटीतल्या प्रत्येकाला ती आधीच माहीत असती. आणि त्या दिवशी त्या जिन्यावर नसत्या, तर मीही तेच बिल भरून तशीच गप्प बसले असते.

तेव्हापासून आमचा रविवार सकाळचा कट्टा सुरू झाला. पार्किंगमध्ये चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि एक थर्मास. आधी दोघी, मग ऑडीवाली सूनबाई, मग सी-विंगमधल्या वहिनी, हळूहळू दोन-तीन काकाही. या कट्ट्यानं मला काय शिकवलं त्याची यादीच करता येईल. टायरवर कोरलेल्या चार आकड्यांत त्याचं वय असतं. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. जुनी गाडी घेताना हे आधी बघायचं, मग रंग. काही गाड्यांना स्टेपनीच नसते. त्यांचे रनफ्लॅट टायर हवा गेली तरी ताशी ८० किलोमीटरच्या आत साधारण ८० किलोमीटर नेतात. त्यामुळे गावाला निघताना वाटेत असा टायर कुठे मिळेल ते आधी विचारून ठेवायचं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर बॅटरीची सोय करून जायचं. दहा लाखांवरच्या गाडीवर विक्रेता एक टक्का टीसीएस घेतो, तो आपल्या प्राप्तिकरात वळता करून घेता येतो. आमच्यातल्या दोघांनी तो तसाच सोडून दिला होता! आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे काम करण्याआधी अंदाजपत्रक लेखी मागायचं आणि ‘‘यातलं आत्ता केलं नाही तर काय होईल?’’ एवढं एकच वाक्य विचारायचं. अर्धी यादी तिथेच गळते.

एकत्र बोलण्यात केवढी ताकद असते, ते ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादनं, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरनं दाखवून दिलं होतं. तिथल्या उद्योजक-व्यावसायिक मंडळींनी एकत्र येऊन एकाच दिवशी दीडशेच्या आसपास मर्सिडीज घेतल्या; सुमारे ६५ कोटी रुपयांचा सौदा. एकेकट्यानं गेले असते तर ना कंपनीनं तसा भाव दिला असता, ना बँकेनं तसा व्याजदर. पण माझ्या मनात नेहमी येतं, गाडी घेताना माणसं एकत्र येतात, पण ती सांभाळताना का नाही येत? घेण्यात मिरवणं असतं. सांभाळण्यात ‘मला परवडत नाहीये’ किंवा ‘मला कळत नाहीये’ असं म्हणावं लागतं, म्हणून असेल.

आणि म्हणूनच माझं मत असं, की अशा गाडीवाल्यांत सल्ला कुणाचा घ्यावा, तर जो आपली फजिती आधी सांगतो त्याचा. ‘‘घ्या हो, मेंटेनन्स काही नाही’’ असं म्हणणारे आमच्याकडेही एक काका आहेत. त्यांची गाडी चार महिने कव्हरखाली झाकलेली असते. याउलट ऑडीवाली सूनबाई परवा एका नवख्या जोडप्याला सरळ म्हणाली, ‘‘हप्ता परवडतोय म्हणून घेऊ नका. हप्ता, विमा आणि एक मोठं काम एकाच महिन्यात आलं तर झोप लागेल का, ते बघा.’’ ते जोडपं गाडी न घेताच परत गेलं. याला मी मैत्रीचा सल्ला म्हणते.

पण हा लेख लिहायला बसले ते खरं म्हणजे सी-विंगमधल्या वहिनींमुळे. त्यांचे यजमान अचानक गेले. पन्नाशीचा माणूस, रात्री छातीत दुखलं आणि सकाळी नव्हते. दारात पांढरीशुभ्र मर्सिडीज. सहा वर्षं त्या ‘आमची मर्सिडीज’ म्हणत आल्या. दिवसकार्य झालं आणि कळलं, की त्या गाडीच्या एकाही कागदावर वहिनींचं नाव नाही. दुसरी किल्ली सापडेना. विम्याचे मेल यजमानांच्या फोनवर, आणि त्या फोनचा पासवर्ड कुणालाच माहीत नाही. त्यातच ओळखीतले एक गृहस्थ आले आणि ‘‘वहिनी, तुम्हाला कशाला ही डोकेदुखी, मी घेऊन जातो’’ म्हणत निम्म्याहून कमी किंमत सांगून गेले. वर उपकार केल्याचा भाव! वहिनी ‘हो’ म्हणणारच होत्या.

त्या रविवारी त्या कट्ट्यावर नुसत्याच येऊन बसल्या. सहज बोलता बोलता त्यांनी तो आकडा सांगितला आणि आम्ही सगळे ताडकन उठलो. मग कामं वाटून घेतली. मालक गेल्यावर वारसानं तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा असतो. ते काम डॉक्टरीणबाईंनी घेतलं. विम्याची मुदत एका काकांनी शोधली. मी सर्व्हिसिंगचा सगळा इतिहास मागवला. तीन ठिकाणांहून भाव काढले. त्या गृहस्थांनी सांगितलेल्या रकमेच्या जवळजवळ दुप्पट पैसे वहिनींच्या खात्यात आले. त्यांच्या मुलीचं इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष होतं, एवढं सांगितलं म्हणजे त्या फरकाची किंमत तुम्हाला कळेल.

म्हणून मैत्रिणींनो, तुमच्या दारात मोठी गाडी असेल आणि ती ‘त्यांचं खातं’ म्हणून तुम्ही बाजूच्या सीटवर निवांत बसत असाल, तर आज एवढं करा. आरसी कुणाच्या नावावर आहे ते बघा. २०२१ पासून आरसीवर वारस म्हणून नामनिर्देशन करता येतं. ते झालंय का बघा. विमा कधी संपतो, दुसरी किल्ली कुठे आहे आणि हप्ता कुठल्या खात्यातून जातो, हे घरातल्या दोघांनाही माहीत हवं. आणि जिथे गाडीवाल्यांच्या गप्पा चालतात, तिथे चहा देऊन आत न जाता खुर्ची ओढून बसा.

‘गाडी हा पुरुषांचा विषय’ असं कुणी म्हणालंच, तर त्यांना बर्था बेंझची गोष्ट सांगा. लग्नाआधीच आपल्या हुंड्याच्या पैशातून तिनं कार्ल बेंझच्या धंद्याला हात दिला. ऑगस्ट १८८८ मध्ये नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन ती त्याच्या मोटारीतून मानहाइमहून माहेरी फोर्त्सहाइमला गेली. शंभर किलोमीटरच्या वर. वाटेत इंधन औषधाच्या दुकानातून घेतलं, तुंबलेली नळी टोपीच्या पिनेनं साफ केली, झिजलेल्या ब्रेकना चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. आणि नवऱ्याला काय सांगितलं, तर चढावर जोर कमी पडतो, आणखी एक गिअर बसव. मोटार चालवणाऱ्यानं मोटार बनवणाऱ्याला दिलेल्या अगदी पहिल्या सल्ल्यांपैकी हा एक, आणि तो बायकोनं दिलेला! ‘मर्सिडीज’ हे नावसुद्धा एमिल येलिनेक नावाच्या व्यापाऱ्याच्या मुलीचं. मग ‘सर येणार आहेत का?’ हा प्रश्न कशासाठी?

वहिनींनी त्या पैशांतून एक छोटी गाडी घेतली. स्वतःच्या नावावर, आणि नामनिर्देशन लेकीचं. साठीला टेकताना चालवायलाही शिकल्या. कट्ट्यावर दर रविवारी येतात. परवा तिसऱ्या मजल्यावरचं नवं जोडपं पेढे घेऊन आलं. नवी कोरी गाडी, सगळे रंगाचं कौतुक करत होते, सनरूफ उघडून बघत होते. वहिनींनी पेढा घेतला आणि त्या मुलीला बाजूला घेऊन हळूच विचारलं, ‘‘बाळा, आरसीवर वारस म्हणून नाव कुणाचं घातलंय?’’