कोण वारलं रे तिकडं?



आमच्या गल्लीतला एक मुलगा शिकायला इंग्लंडला गेला आहे. कॉलेज सांभाळून तो एका गोदामात पेट्या उचलतो. मागच्या रविवारी त्याचा घरी फोन आला. मायने मोबाईलचा आवाज मोठा केलेला, म्हणून आम्ही शेजारचे चार जणही ऐकत बसलो. तो म्हणाला, "माय, आमच्या गोदामातले दोघं-तिघं लेकराबाळांसगट ग्रीस देशाच्या बेटावर चाललेत. आठ दिवस. इथून थेट विमान हाय."

"साहेब लोक असतील."

"न्हाई माय, माझ्यासारखेच. पेट्या उचलणारे."

माय थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने विचारले, "मग कोण वारलं रे तिकडं?"

सगळे हसले, मीही हसलो. पण रात्री झोप येईना. त्या माउलीचे काय चुकले? जन्मभरात ती कळमनुरीच्या बाहेर पडली ती कोणाच्या मयतीला, लग्नाला, दवाखान्यात, नाही तर नवऱ्यासोबत कोयता घेऊन ऊस तोडायला. काम नाही, दुखवटा नाही, तरी माणूस कपडे भरून घरच्यांना घेऊन निघतो, हे तिने कुठे पाहिलेच नव्हते.

आता ते थेट विमान काय असते ते पाहू. ग्रीस देशाला शेकडो बेटे आहेत. क्रीट, ऱ्होड्स, कोर्फू, कॉस ही त्यातली नावाजलेली. पूर्वी तिकडे जायचे तर आधी अथेन्स, मग पिरेयसचे बंदर, मग रात्रभर जहाज. पुढे या बेटांवरच विमानतळ झाले. सहलीची कंपनी अख्खे विमान भाड्याने घेते आणि विमानाची जागा व हॉटेलची खोली एकत्र विकते. त्याला चार्टर विमान म्हणतात. ठरलेल्या वारी ते नवे लोक घेऊन जाते आणि आधीचे परत आणते. जागा रिकाम्या जात नाहीत, म्हणून तिकीट स्वस्त पडते. आपल्या गोव्यातही दाबोळी विमानतळावर १९८० च्या दशकापासून युरोपची अशी विमाने उतरत आली. किनाऱ्यावर दिसणारा प्रत्येक गोरा आपल्याला लखपती वाटतो. त्यात कितीतरी ड्रायव्हर, गवंडी आणि नर्सबाई असतात.

पण नुसत्या स्वस्त तिकिटाने कामगार विमानात बसला नाही. सुट्टी घेतली की पगार कापला जात असेल, तर कोण जाईल? आधी कायदा झाला. फ्रान्समध्ये १९३६ साली कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी सुट्टी मिळाली, तीही मोठ्या संपांनंतर. इंग्लंडमध्ये १९३८ साली कायदा झाला. विमानाच्या स्वस्त सहली त्यानंतर, १९५० पासून सुरू झाल्या. आधी हक्क, मग विमान.

आणि आपल्याकडे? १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. १९४५ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि बारमाही कारखान्यातल्या कामगाराला वर्षाला दहा दिवसांची भरपगारी रजा मिळाली. पुढे १९४८ च्या कायद्याने वर्षात २४० दिवस भरले की दर २० दिवसांमागे एक दिवस रजा ठरवली. २०२० च्या नव्या संहितेने ती अट १८० दिवसांवर आणली. म्हणजे ही रजा मालकाची मेहेरबानी नव्हे, मिळवलेला हक्क आहे.

आपल्या कळमनुरीचे कितीतरी तरुण पुण्या-चाकणच्या कंपन्यांत आहेत. ते काय करतात? रजा विकून पैसे घेतात, नाही तर साठवून लग्नसराईत उडवतात. आणि आपला ऊसतोड कामगार, शेतमजूर, धुणीभांडी करणारी बहीण यांना तर रजा हा शब्दच लागू नाही. ज्या दिवशी काम नाही, त्या दिवशी चूल नाही. ही लढाई अजून बाकी आहे, हे विसरून चालणार नाही.

मग आपण ग्रीसला जावे काय? खरे सांगतो, आपल्या ऐपतीला ते जड आहे. मुंबईहून अथेन्सला थेट विमान सुरू करण्याची घोषणा इंडिगो कंपनीने २०२५ साली केली, पण अथेन्सहून पुढे बेटावर जायला दुसरे विमान किंवा जहाज लागतेच. त्यात युरोपच्या व्हिसाची फी २०२४ पासून मोठ्या माणसाला ९० युरो, शिवाय विमा आणि बँकेचे उतारे. घरातली चार माणसे मोजा म्हणजे कळेल.

पण बेट आपल्याही देशात आहे. अंदमानला पासपोर्ट लागत नाही. नांदेडहून रेल्वेने हैदराबाद, तिथून चेन्नई आणि चेन्नईहून सव्वादोन तासांत थेट विमान. पोर्ट ब्लेअरचे नाव २०२४ साली श्री विजयपुरम झाले. तिथले सेल्युलर जेल पोरांना दाखवण्यासारखे आहे, आणि समुद्र तर फुकटच. मे अखेरीला पाऊस लागतो, म्हणून परीक्षा संपताच निघावे.

काही गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. म्हातारी माणसे, लेकरे सोबत असतील तर मध्ये विमान बदलावे लागणारे तिकीट टाळा. दोन तिकिटे वेगवेगळी काढली आणि पहिले विमान उशिरा आले, तर दुसऱ्याचे पैसे बुडू शकतात. प्रत्येकाचे ओळखपत्र जवळ असू द्या. मोबाईलची पॉवर बँक हातातल्या पिशवीत ठेवा, खाली द्यायच्या बॅगेत चालत नाही. आणि कर्ज काढून कोणी सहल करू नये. भिशी लावा, दोन वर्षे लागली तर लागू द्या. अंदमान नाही जमले तर अजिंठा-वेरूळ पाहा, पण कामाविना, दुखवट्याविना एकदा सगळे घर मिळून बाहेर पडा. तिथे आपले ताट उचलणाराही कामगारच असतो. त्याच्याशी आपण कसे बोलतो, ते आपली पोरे बघत असतात.

परवा ती माय नळावर भेटली. म्हणाली, "भाऊ, त्या बेटावर कोणी वारलं नव्हतं म्हणे. नुसतेच फिरायला गेलते." मग हंडा खाली ठेवून हळूच विचारले, "विमानात खिडकीची जागा मागून मिळती का हो?"

मिळते, मावशी. तेवढी आधी सांगून ठेवायची.