नोटीस बोर्ड वाचा

मी बी.कॉम.ला होतो. कॉलेजच्या बोर्डावर गाण्या-वाजवण्याच्या स्पर्धेची नोटीस लागली. जयंतीला वस्तीत ढोलकी मीच वाजवायचो, तरी नाव दिले नाही. वाटले, हे क्लास लावणाऱ्यांचे काम. कोणी अडवले नव्हते. मीच मागे फिरलो. ती रुखरुख अजून आहे.

पालकहो, आपल्या मुलांचे असे होऊ देऊ नका. जळगावच्या विद्यापीठाशी जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील कॉलेजे जोडलेली आहेत. त्यांच्यासाठी 'युवारंग' हा युवक महोत्सव भरतो. समूहगीत, लोकनृत्य, मूकनाट्य, वक्तृत्व, रांगोळी, व्यंगचित्र. ज्याला जे येते त्याला तिथे जागा आहे. २१ जूनला योगदिन असतो, त्यालाही जावे. तब्येत गरिबाचीच पहिली पुंजी.

या विद्यापीठाला २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, जात्यावर त्या गाणी रचत; घरच्यांनी ती उतरवून घेतली म्हणून टिकली. मग आपल्या अंगणातली ढोलकी आणि गाणे कमी कसे?

नाव कॉलेजमार्फतच जाते. विद्यार्थी विकास अधिकारी कोण, तालीम कधी, हे मुलांना आजच विचारायला सांगा. मुलीची तालीम उशिरा सुटत असेल तर तिचे नाव कापू नका. सायकल काढा आणि तिला आणायला जा.