‘याला तेवढं घेऊन जावा’

दसरा-दिवाळी सरली की वाशी, भूम, परंडा, कळंब या भागांतल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल तोवर खर्चूनही झालेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, हा हिशेब पक्का. पक्कं नसतं ते एवढंच, की तीन-चार लेकरांपैकी गावी कोण राहणार आणि फडावर कोण जाणार. ते बहुतेकदा घरातली म्हातारी ठरवते. गरीब स्वभावाचं पोर ती ठेवून घेते. थोरली तर हवीच, भाकरी थापायला. आणि जो कुणाचं ऐकत नाही, भावंडांना बडवतो, दप्तर टाकून पळतो, त्याचा निकाल एका वाक्यात लागतो: ‘या द्वाडाला तेवढं घेऊन जावा.’

म्हातारीचं काय चुकलं? दुखऱ्या गुडघ्यांनी ती त्याच्यामागे किती धावणार? मुलांनी गावातच राहून शिकावं, म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे. पण बऱ्याच ठिकाणी वसतिगृह म्हणजे शाळेत मिळणारं दोन वेळचं जेवण. झोपायला पोर आजीकडेच. पोट सरकारकडे आणि पोर म्हातारीकडे, अशी ही वाटणी. शहाण्या लेकरांचं त्यात निभावतं.

द्वाड पोर द्वाड का, हे तर कुणी विचारतच नाही. ऐकू कमी येतं, फळ्यावरचं दिसत नाही, की अक्षरंच लागत नाहीत? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे. त्याच्या पथकानं वर्षातून एकदा शाळेत येऊन हेच तपासायचं असतं. ते पथक हिवाळ्यात आलं, तर ज्याला आधी तपासायचं तेच पोर दूर कुठल्यातरी कोपीवर वाढं गोळा करत असतं. तिथं पहाटेपासून राबणाऱ्या आईकडे त्याच्यासाठी दोन धपाट्यांपलीकडे वेळ नसतो.

जिल्हा परिषदेनं या गावांतली तपासणी दसऱ्याआधी उरकावी. वसतिगृहाची यादी करताना कोणतं पोर आजीला आवरत नाही, हेही घरोघर विचारावं आणि त्या पोरांसाठी रात्री शाळेत मुक्कामाला पगारी माणूस ठेवावा. नुसत्या खिचडीच्या हिशेबात हा पगार बसणार नाही. त्याची तरतूद वेगळीच करावी लागेल.