पोरांना समुद्र दाखवा. पाण्यात उतरवून नाही, काठाने चालवून.

(पोस्ट मोठी आहे. सहलीचा फॉर्म भरण्याआधी वाचा.)

मंडळी, दिवाळी झाली की तालुक्यातल्या शाळांच्या सहलींच्या नोटिसा निघतात. राहाता, लोणी, बाभळेश्वर, पुणतांबा, कुठलंही गाव घ्या. यादीत दोनच प्रकार दिसतात. एक, देवस्थान. दोन, वॉटर पार्क. समुद्राचं नाव निघालं की मुख्याध्यापक हात जोडतात आणि आया घाबरतात. "नको बाई, पाण्याचा भरवसा नाही."

भीती खोटी नाही. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका कॉलेजची सहलीला आलेली १४ मुलं-मुली बुडाली. त्यानंतर शिक्षण खात्याने शाळांपुढे अटींची लांबलचक यादी ठेवली. समुद्रकिनारे टाळा, खोल पाणी टाळा, डोंगर टाळा. एवढं सगळं टाळल्यावर सहलीत उरतं काय? पार्किंग, तिकीट खिडकी आणि रांग.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. समुद्राला बंदी घालून आपण एकही पोरगं वाचवत नाही. तेच पोरगं चार-पाच वर्षांनी मोटारसायकलवर मित्रांबरोबर कोकणात जातंच. फरक एवढाच की तेव्हा बरोबर सर नसतात, बाप नसतो, आणि समुद्राबद्दल कुणी एक अक्षरही सांगितलेलं नसतं.

आपल्या भागातल्या पोरांना धोका जास्त आहे, आणि त्याचं कारण कुणी बोलत नाही. आपली पोरं विहिरीत, नाहीतर कॅनॉलला पोहायला शिकतात. विहिरीचं पाणी जागेवर असतं. कॅनॉलचं पाणी एका दिशेने जातं आणि काठ हाताच्या अंतरावर असतो. समुद्रात यातलं काहीच खरं नाही. लाट आत येते तेवढं पाणी परत जावंच लागतं. ते एखाद्या पट्ट्यातून जोराने आत खेचलं जातं. तो पट्टा वरून शांत दिसतो, तिथे लाट कमी फुटते, म्हणून नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. ओढ लागली की काठाकडे तोंड करून हात मारतो आणि दमतो. खरं तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याच्या बाहेर पडायचं असतं. हे आपल्याकडच्या किती पट्टीच्या पोहणाऱ्यांना माहीत आहे?

मग करायचं काय? चालायचं. समुद्र बघायला पाण्यात उतरावंच लागतं हे कुणी सांगितलं?

अलिबाग ते मुरूड हा एकच पट्टा घ्या. कोर्लईचा किल्ला पोर्तुगीजांचा, एका लांबट टेकडीच्या धारेवर. खाली दीपगृह आहे, तिथून वर पायऱ्या आहेत. चौथीतलं पोरगं अर्ध्या तासाच्या आत वर पोचतं, आजीला थोडा जास्त वेळ लागेल. वर उभं राहिलं की एका हाताला कुंडलिकेची खाडी, दुसऱ्या हाताला उघडा अरबी समुद्र. खालच्या कोर्लई गावात आजही काही घरांत पोर्तुगीज मिसळलेली वेगळीच बोली बोलतात. इतिहास, भूगोल आणि भाषा एका टेकडीवर, आणि पाय ओला होत नाही.

त्याच भागात फणसाडचं अभयारण्य आहे. जंजिऱ्याच्या नवाबाचं हे शिकारीचं रान, १९८६ ला अभयारण्य झालं. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर इतकं दाट जंगल आहे हे आपल्याकडे फार कुणाला माहीत नाही. शेकरू, म्हणजे आपल्या राज्याचा प्राणी, पुस्तकातल्या चित्रात बघून पोरं परीक्षेत लिहितात. इथे तो झाडावर दिसू शकतो. गारंबीच्या वेली आहेत, त्यांच्या शेंगा हातभर लांब. पाणवठ्याला तिथे 'गाण' म्हणतात. सकाळी वनखात्याच्या माणसाबरोबर तासभर पायवाटेने फिरा, दुपारी सुरूच्या बनात डबा खा, समुद्र समोर ठेवून.

लांब जाणाऱ्यांसाठी गणपतीपुळे. तिथे डोंगरालाच गणपती मानतात, म्हणून प्रदक्षिणा डोंगराला घालायची. साधारण किलोमीटरभर, फरसबंद वाट, एका बाजूला झाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र. आजी-आजोबांना घेऊन जायला यापेक्षा सोपी वाट मी तरी सांगू शकत नाही. आणि ज्यांचे गुडघे अजिबात साथ देत नाहीत त्यांच्यासाठी ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, खारफुटीतून सपाट वाट, हिवाळ्यात रोहित पक्षी.

हरिहरेश्वरचा प्रदक्षिणा मार्ग मात्र मी सरसकट सोपा म्हणणार नाही. कातळातल्या पायऱ्या उतरून समुद्रालगत जाणारी ती वाट फार देखणी आहे, पण ती ओहोटीचीच वाट आहे. भरतीच्या वेळी तिथे लाटेने माणसं ओढल्याचे प्रकार घडलेत. वाट तीच, वेळ चुकली की जीवघेणी.

आणि ही वेळ काढायला मोबाईलला रेंज लागत नाही. आपल्या घरात खिळ्याला लटकलेलं कॅलेंडर पुरतं. तिथीला तीनने गुणा, चारने भागा. येईल तो भरतीचा ढोबळ तास. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. म्हणजे तीनच्या सुमाराला भरती, आणि सहा तास आधी, नऊच्या सुमाराला ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, म्हणजे भर दुपारी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भर दुपारच्या आसपास भरती, आणि तीही मोठी. हा आडाखा आहे, घड्याळ नाही. तिथे पोचल्यावर गावातल्या कोळ्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. पण सातवीच्या पोराला हे गणित फळ्यावर शिकवता येतं की नाही? जन्मभर उपयोगी पडेल असं दुसरं कोणतं गणित सहलीत शिकवतो आपण?

आता थोडं आपल्याबद्दल. मुंबईहून माणसं पालखी घेऊन दिवसच्या दिवस चालत शिर्डीला येतात. ज्या तालुक्यात ती येतात, त्या तालुक्यातली आपण माणसं कोकणात गेलो की गाडीतून उतरत नाही. एमएच १७ ची पाटी थेट वाळूवर. मग चाक रुततं, भरतीचं पाणी बोनेटला लागतं, ट्रॅक्टर बोलवावा लागतो, आणि तोच व्हिडिओ आपण हसत हसत फॉरवर्ड करतो. नोव्हेंबर ते मार्च हा आपला सहलीचा मोसम, आणि तोच कोकणातल्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायचा मोसम. वेळास गावात २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र संस्था आणि गावकरी मिळून ती अंडी राखतात. त्यांनी रात्र रात्र जागायचं आणि आपण सकाळी टायर फिरवायचे, ही कुठली मर्दुमकी? सुरूची बनंही तशीच. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात हजारो झाडं आडवी केली. उरलीत त्यांच्या मुळांवर तरी गाड्या लावू नका.

"आपल्याला समुद्राशी काय देणंघेणं?" असंही विचारणारे आहेत. पुणतांब्याच्या घाटावरून वाहणारं पाणी बघा. गोदावरी त्र्यंबकला उगवते तेव्हा अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटरवर असतो. तरी ती त्याच्याकडे पाठ फिरवते आणि सुमारे १,४६५ किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. का? एकदा घाट उतरून कोकणात गेलेल्या पोराला सह्याद्रीची भिंत आणि पठाराचा उतार वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

शिक्षकांची बाजू मला कळते. पन्नास पोरं, दोन सर, एक मॅडम. काही झालं तर निलंबन सरांचं, बातमी सरांची. म्हणूनच ही जबाबदारी एकट्या शाळेवर ढकलणं बंद करा. पुढच्या पालक सभेत एवढं मांडा:

१) सहल पाण्यात उतरण्याची नाही, चालण्याची. घोट्याच्या वर पाणी नाही. हा नियम पोरांना आणि पालकांना, दोघांनाही.
२) दर दहा पोरांमागे एक मोठं माणूस. पालकांनी आपल्या खर्चाने जायचं, शाळेवर भार नको.
३) तारीख ठरवताना सुट्टी बघता तशी तिथीही बघा. ओहोटी कधी आहे ते नोटिशीत लिहा.
४) खाजगी बस परवडत नसेल तर एसटी आहे. शालेय सहलीला एसटी भाड्यात निम्मी सवलत देते. तीनशे किलोमीटरच्या वरचा प्रवास आहे, मुक्काम धरूनच आखा. एका दिवसात जाऊन यायचा हट्ट म्हणजे झोपाळलेला ड्रायव्हर आणि रात्रीचा घाट.
५) निघण्याआधी एक तास वर्गात: भरती-ओहोटी, ओढीचं पाणी, आणि कचरा परत आणायची पिशवी.

आणि शिक्षण खात्याला एकच विनंती. "हे टाळा, ते टाळा" अशी यादी काढणं सोपं असतं. "इथे न्या, या वेळेला न्या, अशा पद्धतीने न्या" अशी यादी काढा. मुख्याध्यापकाच्या हातात तो कागद असला तर तो धीर करेल.

मुरूडला गेलेली ती मुलं आज तिशीच्या आसपास असती. त्यांच्या नावाने पुढच्या पोरांना समुद्रापासून लांब ठेवायचं, की समुद्र ओळखायला शिकवायचं, हे आपल्या गावातल्या पालक सभेत ठरणार आहे. तिथे गप्प बसू नका.

कोकणातल्या अशाच सोप्या, घरच्या सगळ्यांना झेपतील अशा वाटा तुम्हाला माहीत असतील तर खाली लिहा. कोणत्या महिन्यात गेलात आणि सोबत किती वयाची माणसं होती तेही लिहा. आणि ही पोस्ट आपापल्या शाळेच्या ग्रुपवर टाका. सर नाराज होणार नाहीत, झालेच तर चहा माझ्याकडून.