समतोल कोणाला परवडतो?

घोड्यावरून अडथळे ओलांडण्याच्या स्पर्धेत, म्हणजे शो जम्पिंगमध्ये, चमकणाऱ्या शाळकरी मुलामुलींची कौतुके अलीकडे वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून वारंवार वाचावयास मिळतात. पहाटे पागेत सराव, मग शाळा, संध्याकाळी पुन्हा खोगीर आणि रात्री गृहपाठ, असा दिनक्रम त्यांत रंगविलेला असतो. शेवटी तात्पर्य ठरलेले : शिस्त असेल तर खेळ आणि अभ्यास यांचा समतोल कोणालाही साधता येतो, कारण दिवसाचे तास सर्वांना चोवीसच मिळतात. त्या मुलांच्या कष्टांविषयी मला आदर आहे. सोळाव्या वर्षी पाचशे किलोंचे जनावर हुकमतीत ठेवून अडथळ्यावर घालणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. माझा आक्षेप आहे तो या तात्पर्यावर, आणि अर्थशास्त्र शिकविण्यात उभी हयात गेल्यामुळे तो मांडणे मी माझे कर्तव्य समजतो.

चोवीस तास सर्वांना सारखेच मिळतात, हे विधान चौदा गुंठे आणि चौदा एकर दोन्ही जमीनच आहेत, असे म्हणण्याइतकेच पोकळ आहे. स्वारी करणारे मूल शाळेत बसलेले असते तेव्हा मोतद्दार त्याच्या घोड्याला खरारा करीत असतो, चंदी घालीत असतो, लीद काढीत असतो. नालबंद येऊन नाल बदलतो, पशुवैद्य पाय तपासतो, मोटार शाळेच्या दारात उभी राहते आणि शिकवणीचे मास्तर घरी येतात. म्हणजे त्या मुलाचा समतोल चार-पाच माणसांच्या विकत घेतलेल्या वेळावर उभा असतो. त्या मोतद्दाराचा मुलगा कोणत्या शाळेत जातो, हे कौतुकाच्या लेखात येत नाही.

व्यक्तिगत टीकेचा हेतू मनात न धरता एक उदाहरण देतो. कोलकात्याचे अनुष अगरवाला यांनी २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ड्रेसाज या अश्वारोहण प्रकारात सांघिक सुवर्ण आणि वैयक्तिक कांस्य मिळविले आणि २०२४ साली ते पॅरिस ऑलिंपिकला गेले. यश निःसंशय मोठे आहे. शाळा कोलकात्यात आणि सराव दिल्लीत, म्हणून ते आठवड्याच्या अखेरीस विमानाने ये-जा करीत, आणि पुढे सतराव्या वर्षी प्रशिक्षणासाठी जर्मनीस गेले, असे त्यांच्याविषयी प्रसिद्ध झाले आहे. परिश्रम त्यांचेच, पण ज्या बापाला एसटीचा पास परवडताना घाम फुटतो, त्याच्या मुलापुढे हा आदर्श ठेवणे ही थट्टा होय.

घोड्याच्या खोगिरावर वर्गाची मालकी ही नवी गोष्ट नाही. एके काळी ती नियमातच लिहिलेली होती. ऑलिंपिकच्या अश्वारोहणात लष्करातून फक्त अधिकाऱ्यांनाच प्रवेश असे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वीडनच्या संघाने ड्रेसाजचे सुवर्ण जिंकले. पण त्यांतील गेनाल पर्सन हा मूळचा सार्जंट असून स्पर्धेपुरती त्याला बढती दिली होती, हे उघडकीस आले आणि पुढील वर्षी संघाचे पदक काढून घेण्यात आले. त्याच्या स्वारीत खोट नव्हती, हुद्द्यात होती! पुढे नियम बदलला आणि १९५२ साली हेलसिंकीत त्याच पर्सनसह स्वीडनने पुन्हा सुवर्ण मिळविले. स्त्रियांना ड्रेसाज याच साली आणि शो जम्पिंग १९५६ साली खुले झाले. आज स्त्री-पुरुष एकाच स्पर्धेत बरोबरीने उतरतात, हे या खेळाचे मोठेपण मान्य केले पाहिजे. हुद्द्याची अट मात्र गेली आणि तिच्या जागी पैशाची आली.

त्याच १९४८ आणि १९५२ या दोन्ही ऑलिंपिकना आपल्या राजाराम महाविद्यालयाचे खाशाबा जाधव गेले होते. लंडनला सहावा क्रमांक, हेलसिंकीत कुस्तीचे कांस्य; स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. लंडनच्या प्रवासाला कोल्हापूरच्या महाराजांनी मदत केली. हेलसिंकीसाठी प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. ही कथा आपण अभिमानाने सांगतो. ती सांगताना थोडी लाजही वाटली पाहिजे. खेळाडू विद्यार्थ्यासाठी प्राचार्याचे घर गहाण पडावे लागते, ते शासनाची तिजोरी बंद असते म्हणूनच.

वस्तुतः याच करवीरात वेगळा मार्ग घालून दिला गेला होता. राजर्षी शाहूंनी १९०१ पासून वसतिगृहे उभी केली, १९१२ साली खासबागेचे मैदान बांधले आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करून, मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंड ठेवला. वसतिगृह, आखाडा आणि शाळा या तिन्ही गोष्टी एकाच राज्यकर्त्याने लोकांच्या पैशातून केल्या. खेळ आणि शिक्षण यांचा समतोल ही सार्वजनिक व्यवस्था आहे, हे त्यांना कळले होते.

आजही जेथे ही व्यवस्था थोडीफार आहे, तेथे फळ दिसते. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, एका शिक्षकाचा मुलगा, २००९ साली शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला, पुढे रेल्वेत तिकीट तपासनीस झाला आणि २०२४ साली पॅरिसमध्ये नेमबाजीचे कांस्य घेऊन आला. घोड्याच्या बाबतीतही हेच. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत अश्वारोहणाची सुवर्णपदके जिंकणारे रघुबीर सिंग आणि त्यांचे सहकारी लष्कराचे स्वार होते. त्यांचे घोडे सरकारी पागेतले होते. त्यानंतर या खेळातील सुवर्णासाठी आपल्याला २०२३ पर्यंत, म्हणजे एक्केचाळीस वर्षे थांबावे लागले.

येथे कोणी म्हणेल, श्रीमंतांनी आपल्या पैशाने घोडे पाळले तर तुमचे काय गेले? मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सची दोनशे एकरांहून अधिक जमीन सार्वजनिक मालकीची आहे. शर्यतींचा क्लब आणि हौशी घोडेस्वारांचा क्लब तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदले. भाडेपट्टा २०१३ साली संपला आणि त्यांतील १२० एकर महापालिकेकडे येण्यास २०२४ उजाडले. ज्या शहरात असंख्य शाळांना अंगण नाही, तेथे हे घडले. तेव्हा 'आपल्या पैशाने' हा शब्द जरा जपून वापरावा.

आता माझीच एक कबुली. माझ्या वर्गात करवीर तालुक्यातील एक विद्यार्थी होता. पहाटे चारला तालमीत जोर-बैठका, मग म्हशींच्या धारा, मग शहरात दुधाचा रतीब, आणि मग माझा तास. तासाला तो मागल्या बाकावर पेंगत असे. हजेरी पाऊणशे टक्क्यांच्या खाली गेली म्हणून त्याचा परीक्षेचा अर्ज अडविण्यात आला. त्या कागदावर माझीही सही होती. त्याने ना तक्रार केली, ना अर्ज-विनंती. पुढल्या वर्षी तो आला नाही. आखाडाही सुटला, असे मागाहून कळले. शिस्त म्हणाल तर त्या मुलाइतकी शिस्त माझ्यात कधी नव्हती. त्याच्यापाशी मोतद्दार नव्हता, एवढेच.

कार्यकर्त्यांनी या प्रश्नाकडे करमणुकीचा विषय म्हणून पाहू नये. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला क्रीडांगण आणि सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुले असल्यास शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक बंधनकारक आहे. आपापल्या गावच्या शाळेत जाऊन या दोन गोष्टी आहेत की नाहीत, ते पाहा आणि नसल्यास ग्रामसभेत विचारा. स्पर्धेमुळे हुकलेली परीक्षा पुन्हा घेण्याची आणि खेळाडूची गैरहजेरी माफ करण्याची तरतूद प्रत्येक महाविद्यालयाकडे लेखी मागा. तालुक्याच्या ठिकाणी खुराकासह वसतिगृह मागा. आणि घोडाही मागा. छात्रसेनेची अश्वपथके काही पशुवैद्यक महाविद्यालयांशी जोडलेली आहेत. ती शाळकरी मुलांना का खुली होऊ नयेत?

श्रीमंताच्या मुलाला घोड्यावरून उतरविण्यात आपल्याला स्वारस्य नाही. मोतद्दाराच्या मुलीला रिकिबीत पाय ठेवता आला पाहिजे, आणि त्यासाठी तिची शाळा सुटता कामा नये.