खेळणारं पोरगं आणि रात्रीचा मोबाईल



"पोरगं खेळतंय ना सर, मग वाया जायचं नाही." आपल्या सिद्धगडच्या पट्ट्यात हे वाक्य मी पालकांकडून कितीतरी वेळा ऐकलंय. खरं सांगायचं तर पालकसभेत मीही हेच सांगत आलो. खेळाडू म्हणजे व्यसनापासून लांब, शरीर निरोगी तर मनही निरोगी. आता मात्र हे मला तितकंसं पटत नाही.

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. नववीतला एक मुलगा, कबड्डीत चढाईला पटाईत. २ जानेवारीला हुतात्मा भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वंदन करायला सिद्धगडला माणसं जमतात, तेव्हा आमच्या पोरांत सगळ्यात पुढे हाच पळायचा. संघ तालुक्याला जिंकला, जिल्ह्याला गेला. तिथे शेवटच्या चढाईत याची पकड झाली, सामना गेला, वर गुडघाही दुखावला. दोन महिने मैदान बंद. त्या दोन महिन्यांत तो वडिलांच्या मोबाईलवर रात्र रात्र गेम खेळू लागला, मग टीम लावून पैसे मिळवायच्या ॲपवर गेला. भात विकून आलेले पैसे कमी झाले तेव्हा कुठे घरी कळलं.

आम्ही काय केलं? संघातून काढलं. मीच त्याला म्हणालो, "आधी मोबाईल सोड, मग मैदानावर ये." तेव्हा ती शिस्त वाटली. तो परत आलाच नाही. ज्या एका जागी त्याला किंमत होती, तीच आम्ही काढून घेतली.

खेळणाऱ्या मुलालाच हे का होतं, यावर मी नंतर बराच विचार केला. सामन्याच्या दिवशी अख्खा गाव ओरडत असतो, दुसऱ्या दिवशी कुणी विचारत नाही. छातीत धडधड व्हायची सवय लागलेली असते. हरल्यावर पुढच्या सामन्यासाठी वर्षभर थांबावं लागतं, मोबाईलवर मात्र पुढचा डाव दोन सेकंदांत चालू. त्यात दुखापत झाली तर दिवस रिकामाच. शिवाय घरच्यांच्या डोळ्यांपुढे दहावीचे क्रीडागुण आणि सरकारी नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण. पोरगं खेळतं, पण खांद्यावर घराचं ओझं घेऊन. हे ओझं आपणच ठेवतो, हे कबूल करायला हवं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, गेमचं आणि जुगाराचं व्यसन हे आजार म्हणून नोंदलेले आहेत. स्वतःला आवरता न येणं, बाकी सगळ्यापेक्षा तेच महत्त्वाचं वाटणं, आणि नुकसान दिसत असूनही चालू ठेवणं, या त्याच्या खुणा. तासभर गेम खेळणारा प्रत्येक मुलगा आजारी नसतो, उगाच घाबरू नका. पण खरोखर आजार असेल तर रागावून तो बरा होत नाही.

मोठी माणसंही यातून सुटलेली नाहीत. सामन्याआधीच्या रात्री झोप लागायची नाही, दहा-बारा वर्षं मनावर ताण असायचा, हे खुद्द सचिन तेंडुलकरने २०२१ मध्ये सांगितलं. इटलीचा फुटबॉलपटू सांद्रो तोनाली सट्ट्याच्या नादात सापडला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच्यावर १० महिन्यांची बंदी आली. इथे माझ्यासारख्यांनी लक्ष द्यावं. सामने बंद झाले, पण सराव संघासोबत चालू राहिला, आणि उपचार घेणं हा शिक्षेचाच भाग होता. बंदी संपल्यावर तो त्याच क्लबकडून, न्यूकॅसलकडून, पुन्हा खेळला. आम्ही शिक्षा तेवढी दिली, उपचाराचं नावही काढलं नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन गेमवर बंदीचा कायदा केला, हे चांगलंच झालं. त्याआधी अशाच एका ॲपचं नाव भारतीय संघाच्या जर्सीवर छातीवर झळकत होतं. मग मुलांनी "सर, त्यात वाईट काय?" विचारलं तर आपण काय उत्तर देणार होतो? आणि कायदा आला म्हणून पोरांचं रात्रीचं जागणं थांबलेलं नाही.

आता मी एक करतो. जखमी मुलाला घरी बसवत नाही. गुणलेखक कर, लहानांना सराव दे, पण रोज मैदानावर ये. हरल्याच्या दुसऱ्या दिवशी खेळाबद्दल न बोलता आधी विचारतो, "रात्री झोपलास का रे?" पालकांनी पैशाच्या ॲपचा पिन मुलांना देऊ नये, एवढं तरी करावं. आणि गरज वाटली तर टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी नंबरवर फोन करावा. मोफत आहे, मराठीत बोलता येतं. गावात कुणी 'वेडा झाला काय' म्हणेल या भीतीने फोन टाळणारे पालक मी पाहिलेत. त्यांना मी सांगतो, दादा, गुडघ्याला डॉक्टर चालतो ना?

तो मुलगा परवा मुरबाडच्या स्टँडवर भेटला. "सर, यंदा टीम कशी आहे?" त्यानेच विचारलं. म्हटलं, शनिवारी ये, पोरांना चढाई दाखव. "बघतो," म्हणाला.